चित्रातील रस्ता आणि वाङ्मयेतिहास

अठराव्या शतकातील मराठी समाजजीवनाची चर्चा करताना वाङ्मयाचे अभ्यासक बखरी, पोवाडे व पत्रव्यवहार यांचा आधार घेतात. तत्कालीन चित्रे मात्र बहुधा मुखपृष्ठापुरती उरतात. ही उपेक्षा समर्थनीय नाही.

त्या शतकाच्या अखेरीस एडिंबरो शहरात डेव्हिड ॲलन याने रस्त्यावरील पाणके, कोळसा विकणारे आणि मासळीवाल्या रेखाटल्या. पुण्यालाही अशी नजर लाभली होती. स्कॉटलंडचाच जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला व पुढे पुण्यात त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे रंगविली. त्याचा सहायक रॉबर्ट मेबन याने सामान्य माणसांची रेखाटने केली. त्यांपैकी काही १७९७ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाली. पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट याने रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी लेणी चितारली, पेशव्यांच्या संग्रहातील गेंडाही चितारला.

अर्थात ही चित्रे निरपेक्ष नव्हेत. मॅलेट हा कंपनी सरकारचा वकील होता आणि काय पाहावे हे पुष्कळदा आश्रयदाता ठरवीत असे. परंतु बखरकारालाही आश्रयदाता होताच. बखरीत सरदाराचे नाव येते, ओझेवाला येत नाही. चित्रात ओझेवाला येतो, त्याचे नाव येत नाही. म्हणून ही दोन्ही साधने एकमेकांशेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत.

तरीही एक उणीव राहते. वेल्स १७९५ मध्ये ठाण्यास निवर्तला. परंतु त्याच जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोळखांबसारख्या गावांचे अठरावे शतक ना दरबारी गद्यात सापडते, ना शहरी चित्रात. तेथील ठाकर, महादेव कोळी, कातकरी, वारली यांची स्मृती गीतांत व कथांत आहे. या मौखिक सामग्रीला निश्चित काळ लावता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्यासाठी ती वगळणे म्हणजे ज्यांना लेखणी वा कुंचला लाभला नाही त्यांना इतिहासच नव्हता असे मानणे होय. शहापूर-मुरबाडकडील विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात आपल्या आजीची गाणी घरी ठेवून येत असेल, तर तो दोष त्याचा नव्हे, अभ्यासक्रमाचा आहे. बखर, चित्र आणि गीत यांचे एकत्र वाचन हा त्यावरील पहिला उपाय होय.