वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी बघा!

बालमित्रांनो, तुमच्या शाळेत भित्तिपत्रक असतं ना? मधल्या सुट्टीत जरा त्याच्यापाशी उभे राहा आणि गंमत बघा. मुलं येतात, रंगीत चित्रं बघतात आणि निघून जातात. कुणीतरी चार दिवस खपून लिहिलेला लेख मात्र तसाच राहतो. तो लेख वाईट असतो का? छे! बऱ्याचदा तो नुसता कोंबलेला असतो, सकाळच्या एस.टी.सारखा!

आपली देवनागरी लिपी तीन मजली आहे, बरं का! मधल्या मजल्यावर अक्षर, वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि तळमजल्यावर उकार. दोन ओळी फार जवळ आल्या, की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. म्हणून इंग्रजीपेक्षा मराठीच्या ओळींत अंतर जास्त लागतं. जुन्या छापखान्यांत शिशाचे खिळे जुळवताना दोन ओळींमध्ये शिशाच्याच पातळ पट्ट्या घालत, त्या याचसाठी. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली सुरू केलेला निर्णयसागर छापखाना तर सुबक देवनागरी अक्षरांसाठी नावाजला गेला. आज संगणकावर हेच काम एका आकड्यानं होतं. साधारण दीडपट अंतर ठेवून बघा.

आता ओळीची लांबी. कार्डशीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ लिहिली, तर परत येताना डोळे वाट चुकतात आणि तीच ओळ पुन्हा वाचतात. त्यापेक्षा दोन-तीन रकाने पाडा. एका ओळीत सात-आठ शब्द पुरेत. चारही बाजूंना समास सोडा. मथळा आपल्या लेखाला चिकटून हवा, वरच्या लेखाला नव्हे. अक्षरांचे प्रकार दोनच ठेवा: एक मथळ्याला, एक मजकुराला. आणि पांढऱ्या कागदावर पिवळ्या पेनानं लिहू नका. जवळून छान दिसतं, पण दोन पावलं मागे गेलं की गायब!

"पण जागाच पुरत नाही!" असं म्हणाल. मग अक्षर बारीक करू नका, मजकूर कमी करा. स्वतःचं वाक्य खोडताना जीव तुटतो, हे खरं. पण न वाचल्या गेलेल्या वीस ओळींपेक्षा वाचलेल्या दहा बऱ्या, नाही का?

पान लावण्याआधी एक परीक्षा घ्या. ते आजीला किंवा आजोबांना दाखवा. त्यांनी चष्मा पुढे-मागे केला, कागद खिडकीशी नेला आणि शेवटी "तूच वाचून दाखव रे" म्हणाले, तर चूक त्यांच्या डोळ्यांची मानू नका. लसीकरणाची किंवा पाणी न येण्याची सूचना अशीच लिहिली, तर केवढी पंचाईत होईल!

तेव्हा येत्या रविवारी जुनंच एखादं पान घ्या, मोकळं करून पुन्हा लिहा आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी लावा. मुलं कुठल्या पानापाशी थांबतात, ते तुम्हीच मोजा!