सल्ल्याबरोबर गोळीही द्या

हृदयविकार हा सुखवस्तू, बैठ्या माणसांचा रोग. शेतात राबणाऱ्याला तो कुठला, असे शिकलेली माणसे आजही बोलतात. गडचिरोलीने हा समज केव्हाच खोडून काढला आहे. तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे 'सर्च' संस्थेने तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत जास्त बळी लकव्याचे निघाले, सातांत साधारण एक. लकव्यामागे बहुतेकदा वाढलेला रक्तदाब असतो आणि हृदयाचा घातही तोच करतो. १७ देशांच्या 'प्युअर' अभ्यासात तर २०१४ मध्ये दिसले की, गरीब देशांत धोक्याची कारणे कमी असूनही मृत्यू जास्त होतात. तेव्हा गरिबाच्या सवयींना दोष देणे थांबवावे. त्याच्यापर्यंत उपचार पोचत नाहीत, हे खरे दुखणे आहे.

जिल्ह्याजिल्ह्यात हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडणारी कॅथलॅब उभारा, असे काहीजण म्हणतात. जरूर उभारा. पण झटका येण्याआधीची दहा-पंधरा वर्षे रक्तदाब मुकाट्याने वाढत असतो, त्या काळात कॅथलॅबचा काही उपयोग नाही.

माझा खरा वाद आहे तो 'जनजागृती'वाल्यांशी, कारण लोकसहभागाचे नाव घेऊन ते लोकांना नुसता उपदेश करतात. लॉस एंजेलिसमधल्या ५२ केशकर्तनालयांत ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर झालेला प्रयोग त्यांनी नीट वाचावा. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. काही दुकानांत न्हाव्याने गिऱ्हाइकाला फक्त समजावले: खाणेपिणे सांभाळ, डॉक्टरकडे जा. तिथे सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला. इतर दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन बसला आणि डॉक्टरांच्या संमतीने तिथेच औषध सुरू करू लागला. तिथे रक्तदाब २७ अंकांनी उतरला! ओळखीच्या न्हाव्यावर भरवसा दोन्हीकडे होता. एका ठिकाणी त्या भरवशाला औषधाची जोड मिळाली, एवढाच फरक.

डॉक्टर नसलेल्यांच्या हाती औषध देणे धोक्याचे आहे, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तरही आहे. चीनमध्ये ३२६ गावांत असाच एक प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्या गावांत फारसे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या गाववैद्यांना ठरलेली उपचारपद्धती शिकवली, वर डॉक्टरांची देखरेख ठेवली, औषधे स्वस्तात किंवा फुकट दिली. दीड वर्षाने तिथे ५७ टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात होता. नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या गावांत जेमतेम २० टक्के. देखरेख आणि औषधपुरवठा यांतले एकही वगळून चालणार नाही, हे मात्र आक्षेप घेणाऱ्यांइतकेच मीही ठासून सांगेन.

आपल्याकडे आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्यांचे फॉर्म भरतात आणि तपासणीला पाठवतात. पुढे रोजंदारी बुडवून, एसटीचे भाडे खर्चून गेलेल्या बाईला आरोग्य केंद्रात गोळ्या संपल्याचे कळले, तर ती पुन्हा का जाईल? भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा या जिल्ह्यांत केंद्राच्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची सुरुवात झाली, त्याचा गाभा साधाच होता: ठरलेली औषधे, त्यांचा अखंड साठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. तोच गाभा प्रत्येक उपकेंद्रात हवा. महिन्याच्या गोळ्या गावातच मिळाव्यात, न आलेल्या रुग्णाच्या दारात आशाताईने जावे, आणि या कामाचे पैसे तिला महिन्याच्या महिन्याला, न मागता मिळावेत.