लाटेवर उभे राहताना

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरांवरील कोवलम या कोळ्यांच्या गावी कोळ्यांचीच मुले आज सर्फिंग, म्हणजे फळीवरून लाटेवर स्वार होणे, शिकवितात. फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारीत जावयाचे. लाटेने उचलले, की तळवे बरगड्यांशी टेकून अंग वर करावयाचे आणि दोन्ही पाय झटकन खाली घ्यावयाचे. नवशिक्याची फसगत नेमकी येथेच होते. छाती आणि फळी यांच्यामध्ये पाय शिरण्याइतकी जागा राहत नाही, आणि मागे दुमडलेल्या मनगटावर सारा भार येतो. यासाठी तळव्यास गादी लावलेले हातमोजे निघाले आहेत. गादीमुळे मनगट कमी दुमडते व अंग बोटभर उंच राहते. उतारवयात शिकणाऱ्यास हे बोटभर अंतर थोडे नव्हे! फळीचा स्पर्श मात्र हरवतो.

या मुलांचे वाडवडील ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवर उघड्या हातांनीच लाट ओलांडीत. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, ‘मरम’ म्हणजे झाड. इंग्रजांचा ‘कॅटमरान’ हा शब्द येथलाच. नवशिक्याचा पहिला धडा कोरड्या वाळूवरच होतो. मोजे घालून पाहावयाचे, तर तेथेच पाहावेत.