दसऱ्याचे तोरण परसातले हवे

दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीसमोर एक गंमत पाहायला मिळते. आठवडाभर कपाशीतली हराळी खुरपून बांधावर फेकणारा शेतकरी देवळासमोर येतो, खिशातून नोट काढतो आणि तीच हराळी जुडी बांधलेली विकत घेतो. दूर्वा म्हणजे हराळीच, दुसरे तिसरे काही नाही. दूर्वा विकणाऱ्या बायाबापड्यांच्या पोटावर पाय आणायचा नाही. त्यांनी कोवळ्या काड्या निवडून, धुऊन, एकवीसची जुडी बांधलेली असते. ते त्या मेहनतीचे पैसे. पण ज्याच्या बांधावर ढिगाने पडली आहे त्याने ती विकत घ्यावी, हे काही पटत नाही.

दूर्वांचे एक वेळ सोडून देऊ. आता फुलांचे तसेच होऊ लागले आहे. नवरात्राच्या आधीच्या बाजारात दोरीला टांगलेली प्लास्टिकच्या झेंडूची तोरणे दिसतात. लांबून पाहिले तर खरीच वाटतात. "एकदा घेतलं की पाच वर्षं बघायचं काम नाही," असे विकणारा सांगतो आणि त्याचे खोटे नाही. पाच वर्षे ते दारावर धूळ खात लटकते, रंग उडाला की उकिरड्यावर जाते, तिथून शेणखताबरोबर शेतात येते. नांगराच्या फाळाला गुंडाळलेली प्लास्टिकची फुले मी स्वतः सोडवली आहेत. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक-थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली, केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून आली. केंद्राच्या त्या यादीत सजावटीचा थर्माकोल होता, प्लास्टिकच्या फुलांचे नाव नव्हते. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. ज्या घरामागे अंगण आहे, मोरीचे पाणी आहे, शेण आहे, त्या घराला हे तोरण विकत आणायची वेळ का यावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

हिशेब अगदी साधा आहे. परसात झेंडूची बारा रोपे दीड-दीड फुटावर लावली तर जागा लागते एका बाजेपेक्षा थोडी जास्त. भरात आलेल्या एका झाडावर एका वेळी पंधरा-वीस फुले सहज मिळतात. आंब्याची पाने मध्ये घालून ओवलेल्या हातभर माळेला आठ-दहा फुले पुरतात. म्हणजे दोन्ही दारांची तोरणे झाली, खंडेनवमीला विळे-खुरपी, नांगर, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांची पूजा झाली, देवघर झाले आणि शेजारणीला ओंजळभर द्यायलाही उरली.

इथे कोणी विचारील, प्रत्येक घरात झेंडू झाला तर झेंडूवाल्या शेतकऱ्याने कुठे जावे? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या भागातला झेंडू जातो जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात. तिथल्या इमारतींत राहणाऱ्यांना अंगण नाही, तेच त्याचे गिऱ्हाईक. गावातले घर त्याच्याकडून फार तर पावकिलो घेत होते आणि तेही आता प्लास्टिककडे वळले आहे. त्याचे खरे दुखणे वेगळे आहे. सगळ्यांचा माल एकाच दिवशी येतो, नाहीतर सणाच्या नंतर येतो.

या बाबतीत माझ्याकडूनही चूक झालेली आहे, ती सांगतो. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला. ऑगस्टच्या मध्यात रोपे लावली की दसरा साधतो, असे डोक्यात बसले होते, आणि २०२५ साली विचारायला आलेल्या चार-पाच जणांना मी तेच सांगून बसलो. त्या वर्षीचा दसरा आला २ ऑक्टोबरला. मी कॅलेंडरचे पान उलटून पाहिले असते तर कळले असते. शिवाय सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. ज्यांनी लवकर लावले त्यांची फुले पाण्याने सडली आणि ज्यांनी माझे ऐकले त्यांच्या कळ्या दसऱ्याला घट्ट मिटलेल्या होत्या. त्यांना दिवाळीत थोडेफार हाती लागले. एक काका बांधावर उभे राहून म्हणाले, "साहेब, पावसाला बोलून काय उपयोग, म्हणून तुम्हाला बोलतो." मी ऐकून घेतले.

तेव्हापासून सांगतो ते असे : झेंडू इंग्रजी तारखेवर लावू नका, दसऱ्यापासून मागे मोजा. आपले सण तिथीचे. दर वर्षी ते दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम अठरा-वीस दिवस पुढे जातात. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला येतो. आफ्रिकन झेंडूला लावणीपासून फुले भरात यायला साधारण साठ दिवस धरावेत. म्हणजे त्या वर्षी लावणी २० ऑगस्टच्या आसपास, आणि रोप तयार व्हायला पंचवीस दिवस लागतात म्हणून बी टाकायचे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. शेंडा खुडला तर फांद्या फुटून फुले वाढतात, पण फूल आठ-दहा दिवस पुढे जाते. खुडणार असाल तर तेवढे दिवस आणखी मागे मोजावेत. युरिया मारून झाड काळेभोर केले तर पालाच वाढतो, फूल लांबते. ज्यांचे अर्धा एकर क्षेत्र आहे त्यांनी ते एकदम लावूच नये. एक तुकडा दसऱ्याला, दुसरा अठरा-वीस दिवसांनी दिवाळीला, आणि थोडा मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी राखावा. त्या महिन्यात आवक कमी असते आणि फुलांशिवाय कोणाचा गुरुवार होत नाही.

परसबागेला मात्र एवढी काटेकोर तारीख लागत नाही. तिथे अडचण असते पाण्याची आणि शेळ्यांची. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्या किंवा जुन्या साड्यांचे कुंपण पुरते. पाण्याबद्दल आपल्या तालुक्यात कोणी कोणाला शिकवू नये; २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, ते कोणी विसरलेले नाही. पण त्याही वर्षी प्रत्येक घराच्या मोरीतून पाणी वाहत होतेच. मोरीच्या तोंडाशी दोन-अडीच फुटांचा खड्डा घ्यावा, खाली दगड, वर खडी, त्यावर वाळू, कडेने कर्दळ आणि अळू. पुढे निघणारे पाणी फुलझाडांना, केळीला, शेवग्याला चालते. कोथिंबीर, मुळा, पालक यांना ते देऊ नये. भाज्यांना चांगलेच पाणी द्यावे, दोन कळशांत एक वाफा निघतो.

दसरा झाला की पावसाची ओल असते आणि ऊन उतरलेले असते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर टाकायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. कुंपणावर वाल चढवावा. संक्रांतीच्या वाणाला लागणारे गाजर आणि वालाच्या शेंगा घरच्याच होतात. बोरे-हरभरा रानात आहेच. टोमॅटो-वांग्याची रोपे झेंडूच्या जवळ लावावीत. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींना आळा बसतो, आणि टोमॅटोची फळे पोखरणारी हिरवी अळी आधी झेंडूकडे ओढली जाते. मोठ्या टोमॅटोच्या प्लॉटमध्येसुद्धा सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ घालण्याची शिफारस आहे, ती याचसाठी. टोमॅटोचे रोप पंचवीस दिवसांचे असेल तेव्हा झेंडूचे चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे हवे, म्हणजे दोघे बरोबर फुलावर येतात.

शेवंतीची एक तक्रार दर वर्षी येते. "झाड चांगलं आहे पण फुलतच नाही." जाऊन पाहावे तर झाड रस्त्यावरच्या दिव्याखाली! शेवंतीला रात्र मोठी झाली की कळी धरते. ग्रामपंचायतीने खांबावर पांढरा दिवा लावला की तिच्या लेखी रात्र होतच नाही. कुंडी घराच्या मागच्या अंधाऱ्या बाजूला ठेवली की काम होते. नाताळाला लाल पानांचे पॉइन्सेटिया लावतात, त्याचेही असेच. त्याची लाली म्हणजे फूल नव्हे, रात्र वाढल्यावर रंग बदललेली पाने आहेत. आपल्या जिल्ह्याला नाताळ नवा नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गंमत म्हणजे पॉइन्सेटिया आणि आपला झेंडू दोन्ही मूळचे मेक्सिकोचे. तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला आपल्या मृत माणसांच्या आठवणीचा सण असतो, तेव्हा घरे आणि कबरी झेंडूनेच सजवतात. आपल्याकडे त्याच सुमारास दिवाळी असते.

आता ग्रामसेवक, सरपंच आणि तलाठी भाऊसाहेबांसाठी दोन शब्द. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून येतात. जिल्ह्यात जंगल आधीच नावाला, त्यात जे आपटे उरले आहेत ते दर वर्षी बोडके होतात. बाजारात पुष्कळदा आपटा म्हणून कांचनाची मोठी पाने विकतात आणि लोक घेतात. म्हणजे झाड ओळखणारेही कमी झाले. वृक्षलागवडीच्या वेळी शोभेची विदेशी झाडे मागवण्यापेक्षा गायरानात, शाळेच्या कडेला पाच-दहा आपटे लावले तर खर्च काहीच नाही. शेंगेतले बी गरम पाण्यात रात्रभर भिजवून पिशवीत टाकले की उगवते. सोने वाटायचे तर एका पानानेही वाटता येते, फांदी कशाला? आणि २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला पाहुण्यांच्या हाती प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला गुच्छ देण्याऐवजी गावातलीच शेवंती दिली तर पाहुणा काही रागावणार नाही. जानेवारीत ती भरपूर असते.

शाळेच्या परसबागेचे एक राहिले. पोषण आहारासाठी अनेक शाळांनी वाफे केले, पाट्याही लावल्या. गुरुजी आणि मुले जूनपासून राबतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत ऐन फुलावर आलेले वाफे वाळून जातात, कारण फाटकाला कुलूप असते. किल्ली कोणाकडे ठेवायची, एवढाच प्रश्न आहे. गावात उमेदचे महिला बचत गट आहेत. सुट्टीत गटातल्या दोघींनी सकाळी पाणी घालावे आणि त्या दिवसांतली भाजी-फुले त्यांनीच न्यावीत, असा ठराव मासिक सभेत पाच मिनिटांत होतो. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, बियाण्याची, रोपांची चौकशी तिथे करता येते.

घरच्यासाठी तेवढेही करायला नको. दसऱ्याचे तोरण उतरवले की वाळलेली फुले उकिरड्यावर टाकू नका. देशी झेंडू असेल तर पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या-पांढऱ्या काड्यांसारखे बी असते. ते मोकळे करून सावलीत वाळवावे, चुलीची गार राख मिसळून कापडी पुरचुंडीत बांधावे आणि जिथे उंदीर पोचत नाहीत अशा खुंटीवर टांगून ठेवावे. संकरित झेंडूचे बी मात्र धरू नये, त्याची फुले पुढच्या वर्षी बारीक आणि वेगवेगळी येतात. पुरचुंडीवर पेरणीची तारीख लिहू नका. ती नव्या वर्षीचे कॅलेंडर आले की दसऱ्यापासून मागे मोजून काढायची.