मेडिकल फॉर्मचं तिसरं पान

परदेशात व्हॉलंटियरिंगला जाणाऱ्यांकडून भरून घेतात तो मेडिकल फॉर्म कधी नीट वाचलाय? पहिल्या पानावर उंची, वजन, चष्म्याचा नंबर. दुसऱ्यावर लशी. इथपर्यंत आपण आईला फोन लावून ‘मला लहानपणी कुठली कुठली इंजेक्शनं दिली होती गं?’ असं बिनधास्त विचारतो. मग येतं तिसरं पान. एचआयव्ही, व्हीडीआरएल, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. मुलगी असेल तर कधीकधी प्रेग्नन्सी टेस्टसुद्धा. खाली डॉक्टरची सही आणि शिक्का. या पानासाठी मात्र आईला फोन जात नाही.

मुळशीत आता लवळ्यापासून हिंजवडीपर्यंत कॅम्पसच कॅम्पस आहेत. सुट्टीत कोण कुठल्या देशात शिकवायला, झाडं लावायला किंवा दवाखान्यात मदतीला जाणार, याच्या गप्पा इथल्या कँटीनमध्ये रोज ऐकू येतात. माझी एक मैत्रीण अशाच एका होस्टेलवर राहते. गेल्या वर्षी पूर्व आफ्रिकेतल्या एका शाळेत आठ आठवडे शिकवण्यासाठी तिची निवड झाली. तिने एका खासगी लॅबच्या ॲपवरून टेस्ट बुक केल्या. ॲपमध्ये नंबर होता पप्पांचा, कारण पैसे तेच भरणार होते. रिपोर्ट तिच्याआधी पप्पांच्या व्हॉट्सॲपवर गेला. सगळं निगेटिव्ह होतं, काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं. पण पप्पांचा प्रश्न एकच, ‘तुला ही टेस्ट करायची वेळ का आली?’ तिने फॉर्म दाखवला. त्यावर उत्तर आलं, ‘असलं काही मागणाऱ्या लोकांकडे जायचंच नाही.’ ती गेली नाही.

म्हणजे घोळ रिपोर्टमध्ये नव्हताच. टेस्टच्या नुसत्या नावात होता.

आपल्याकडे या टेस्ट माणूस स्वतःहून क्वचितच करतो. कुणीतरी मागितल्या की होतात. रक्तदान केलं की रक्तपेढी करते, बाळ होणार असलं की डॉक्टर करायला सांगतात. कोकणातल्या घरांना ‘गल्फ मेडिकल’ हा शब्द कित्येक वर्षं पाठ आहे. आखाती देशात नोकरीला जायचं तर छातीच्या एक्स-रेसोबत एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस सगळं तपासलं जातं आणि कागदावर ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढाच शेरा येतो. अनफिट ठरलेल्या पोराला पुढे काय करायचं, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

रिपोर्ट माणसाच्या आधी दुसऱ्याच्या हातात पडला की काय होतं, याचं आपल्या शेजारचं उदाहरण आहे. डॉमिनिक डिसूझा हा गोव्यातला तरुण नियमित रक्तदान करायचा. म्हणजे तोही व्हॉलंटियरच. त्याने दिलेलं रक्त तपासलं गेलं, एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालं आणि आपल्याला नेमकं काय झालंय हे त्याला धड कुणी सांगण्याआधी, 14 फेब्रुवारी 1989 रोजी, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा पॉझिटिव्ह माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद होती. म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला 64 दिवस एकट्याला ठेवलं. त्याची आई लुसी हायकोर्टात गेली, तो बाहेर आला, पण कोर्टाने 1990 च्या निकालात वेगळं ठेवण्याची तरतूद वैधच ठरवली. 1992 मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. ‘माय ब्रदर निखिल’ हा 2005 मधला सिनेमा त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे. पाहिला नसेल तर पाहा.

तिथून आपण बरेच पुढे आलोय. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका रोजंदारी कामगाराची केस आली. पॉझिटिव्ह म्हणून त्याला काम नाकारलं होतं. कोर्टाने त्याचं नाव उघड होऊ दिलं नाही, ‘एमएक्स’ या दोन अक्षरांनी तो लढला आणि जिंकला. काम करण्याइतका तो धडधाकट असेल आणि दुसऱ्याला त्याच्यापासून धोका नसेल, तर फक्त रिपोर्टवरून त्याला घरी बसवता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. मग 2017 मध्ये एचआयव्ही-एड्स कायदा झाला. 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे. नोकरी किंवा शिक्षण मिळवण्यासाठी, किंवा ते चालू ठेवण्यासाठी, एचआयव्हीच्या टेस्टची अट घालता येत नाही. टेस्टआधी समुपदेशन आणि तुमची समजून-उमजून दिलेली संमती हवी. आणि रिपोर्ट तुमच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायचा नाही, मोजके अपवाद सोडून. तुम्ही 18 पूर्ण असाल तर ही संमती तुमची, पप्पांची नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग फॉर्मवर हे पान कसं? तर आपला कायदा विमानतळापर्यंत येतो, पुढे येत नाही. दुसऱ्या देशाने व्हिसासाठी काय मागावं, हे तो देश ठरवतो. अमेरिकेनेसुद्धा एचआयव्ही पॉझिटिव्ह प्रवाशांवरची बंदी 4 जानेवारी 2010 ला उठवली. त्यांच्याच पीस कोअरमधून युक्रेनला गेलेल्या एका स्वयंसेवकाला 2008 मध्ये पॉझिटिव्ह निघाल्यावर काढून टाकलं होतं. आरडाओरडा झाला, आणि नुसत्या एचआयव्हीवरून कुणाला आपोआप काढणार नाही, असं पीस कोअरला मान्य करावं लागलं.

आम्हाला विचाराल तर टेस्ट मागणं हा अपमान नाही. जिथे जवळचा दवाखाना तीन तासांवर आहे तिथे पोरं पाठवणाऱ्या संस्थेला तुमची तब्येत माहीत हवी, हे पटण्यासारखं आहे. रोजची गोळी लागणाऱ्या माणसाला ती गोळी मिळेल अशाच ठिकाणी पाठवायला हवं. (आफ्रिकेत ती गोळी बहुतेक भारतातूनच गेलेली असते. मुंबईच्या सिप्लाने 2001 मध्ये दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी खर्चात एचआयव्हीची औषधं देऊ केली, तेव्हा जगभरच्या औषध कंपन्यांना घाम फुटला होता.) पण मागणाऱ्याने तीन गोष्टी आधी सांगायला हव्यात. ही टेस्ट कशासाठी, रिपोर्ट कोण वाचणार, आणि पॉझिटिव्ह आला तर पुढे काय? ज्या संस्थेकडे याची उत्तरं नाहीत तिला तुमचं रक्त मागायचा काय हक्क?

आणि कॉलेजांनो, तुम्हालाही हे लागू आहे. रिपोर्टची झेरॉक्स इंटरनॅशनल सेलच्या कपाटात, पासपोर्टच्या फोटोंसोबत पंच करून ठेवायची नसते. ते कपाट कोणकोण उघडतं, हे सगळ्या होस्टेलला ठाऊक असतं. क्रेडिट मिळणारा उपक्रम असेल तर तो शिक्षणाचाच भाग, मग अट घालणारं कॉलेज कायद्याच्या कुठल्या बाजूला उभं आहे ते त्याने एकदा तपासावं. रिपोर्ट विद्यार्थ्याने थेट परदेशातल्या डॉक्टरला पाठवावा, मध्ये कुणी नको.

एक कबुली देते. मी स्वतः तीन वर्षं 1 डिसेंबरला लाल रिबनची रांगोळी काढली आहे. एकदा दुसरा नंबरही आला. पण ही टेस्ट फुकट कुठे होते, हे मला बावीसाव्या वर्षी, हा लेख लिहायला घेतल्यावर शोधावं लागलं. त्याला आयसीटीसी म्हणतात, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. ससूनमध्ये आहे, इतर सरकारी रुग्णालयांत असतं. पैसे लागत नाहीत. गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ वेगळं असतं. जवळचं केंद्र कुठे हे 1097 या टोल फ्री नंबरवर विचारता येतं.

मैत्रिणीला घेऊन मी अशा एका केंद्रावर गेले. चांदणी चौकातून बस, मग ओपीडीची गर्दी, मग एक अरुंद जिना. समुपदेशक ताईंनी दार लावून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘टेस्टबद्दल काय काय माहितीये?’ कशाला करताय, असं त्यांनी विचारलं नाही. विंडो पिरियड काय असतो ते आम्हाला तिथे कळलं. संसर्ग झाल्यावर लगेच टेस्ट केली तर ती निगेटिव्ह येऊ शकते. नव्या लॅब टेस्टला साधारण दीड महिना, जुन्या प्रकारच्या टेस्टला तीन महिनेही लागतात. व्हीडीआरएल कधीकधी मलेरियासारख्या भलत्याच कारणानेही पॉझिटिव्ह दाखवते, त्यामुळे दुसरी खात्रीची टेस्ट झाल्याशिवाय घाबरायचं नाही. हिपॅटायटिस बीची लस आहे, पण तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने जातात. म्हणजे मे महिन्यात निघायचं असेल तर नोव्हेंबरमध्ये सुरुवात. आणि एचआयव्ही पॉझिटिव्ह आलाच तर औषधं सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात, ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. आम्ही दोघी मास कॉमच्या. यातलं अर्धं आम्हाला माहीत नव्हतं.

मी पण टेस्ट करून घेतली. मला कुठेही जायचं नाहीये, तरी. घरी अजून सांगितलेलं नाही, आता पेपरातच वाचतील.

मैत्रिणीने या वर्षी पुन्हा अर्ज केलाय, वेगळ्या संस्थेकडे. मोबाइल नंबर स्वतःचा टाकलाय. तिसरं पान भरण्याआधी तिने मेल करून ते तीन प्रश्न विचारले. चार दिवसांनी उत्तर आलं, रिपोर्ट फक्त आमच्या डॉक्टर बघतात, पॉझिटिव्ह आला तरी निवड रद्द होत नाही, औषधं मिळतील असं ठिकाण शोधतो. तिने तो मेल पप्पांना पाठवला. ब्ल्यू टिक आली आहे. उत्तर अजून नाही.