टाकी फुल्ल

परवा शुक्रवारी रात्री आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून कुणाची गाडी अ‍ॅव्हरेज कमी देते, कुणाला इंजिनातल्या रबरी नळ्यांची काळजी. मीही हिरीरीने दोन-चार मेसेज टाकले. आणि मग एकदम तेलगाव आठवलं.

आता तेलगाव कुठे आलं, हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. बीडहून वडवणीमार्गे परळीला जाताना एक चौक लागतो. तिथून एक रस्ता माजलगावला फुटतो, एक धारूरला, आणि सरळ गेलात तर सिरसाळ्यावरून परळी. एसटीतल्या माणसासाठी तेलगाव म्हणजे चहा-भजी आणि पाच-दहा मिनिटं. माझ्यासाठी मामाचं गाव जवळ आल्याची खूण. सुट्टीत झोपेतून उठवायला आईला हाक मारावी लागायची नाही. हंगाम असला की मळीच्या वासानेच जाग यायची.

तो वास लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याचा. जुनी माणसं अजून 'माजलगाव कारखाना' म्हणतात. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या रांगा बघून लहानपणी वाटायचं, एवढी साखर खातं तरी कोण? आता साखर कारखाना म्हणजे नुसती साखर राहिलेली नाही. चिपाड जाळून वीज होते, मळीपासून आणि रसापासून इथेनॉल. पुढे परळीला कोळशाचं औष्णिक केंद्र आहे, 250 मेगावॉटचे तीन संच. पाटोद्याकडे डोंगरांवर पवनचक्क्या. सगळ्या महाराष्ट्रात दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा आमचा जिल्हा खरं तर तुम्हा-आम्हाला ऊर्जा पुरवणारा जिल्हा आहे. गंमतच आहे की नाही?

असो. इंजिनिअर माणसाला आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून शनिवारी सकाळी कागद घेऊन बसलो.

माझ्या गाडीची टाकी 35 लिटरची. त्यात वीस टक्के म्हणजे 7 लिटर इथेनॉल. रसापासून थेट केलं तर एक टन उसातून साधारण 70 लिटर निघतं. म्हणजे एक टाकी = एक क्विंटल ऊस. पाण्याचा हिशोब नीती आयोगाच्या समितीनेच जून 2021 च्या अहवालात दिलाय: उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे 2,860 लिटर पाणी. गुणिले सात. वीस हजार लिटर! आमच्या सोसायटीत येणारा टँकर दहा हजारांचा असतो. म्हणजे मी पंपावर 'फुल्ल कर' म्हणतो, तेव्हा कुठेतरी दोन टँकर रिकामे झालेले असतात.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल आता मका-तांदळापासून होतं. मळीपासून केलेल्या इथेनॉलवर सगळं पाणी मांडणंही बरोबर नाही, कारण त्या उसाची साखर आधीच निघालेली असते. तरी माझा मुद्दा उरतोच. ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी पिणारं पीक आपण इंधन म्हणून लावतोय. आपण नक्कल करतोय ब्राझीलची, पण तिथला बहुतेक ऊस पावसाच्या पाण्यावर येतो.

हे मी मागे एकदा मामाला ऐकवलं होतं. तो हसला. "अरे, ऊस हे एकच पीक आहे ज्याचा भाव सरकार आधी सांगतं आणि माल कोण घेणार ते ठरलेलं असतं. सोयाबीनचं सांग की. हमीभाव कागदावर, मार्केटात गेलं की वेगळंच. तुला पगार फिक्स पाहिजे, आणि मला नको व्हय?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2019 साली औरंगाबादच्या विभागीय आयुक्त कार्यालयाने मराठवाड्यात ऊस बंद करावा अशी शिफारस सरकारला केली होती. कागदावर पटणारी. पण मामाच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय ऊस कोण सोडेल?

बरं, पाणी संपलं की काय होतं हेही आम्ही बघितलंय. 2015 च्या जुलैमध्ये परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद पडलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. पाणी नव्हतं. 2023 ला पावसाने दगा दिला, तेव्हा केंद्र सरकारने 7 डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आठवडाभरात ती थोडी सैल केली आणि पूर्ण उठवली ती पुढच्या हंगामासाठी. कोळसा घ्या नाहीतर ऊस, शेवटी सगळं पाण्यावर चालतं.

आता हिशोबातली दुसरी बाजू. दसरा झाला की आमच्या भागातल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी उरतात. बाकी सगळे ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला साधारण 366 रुपये झाला. म्हणजे माझ्या टाकीतल्या एका क्विंटलमागे दोघांना मिळून 37 रुपये. पंपावर मी साडेतीन हजारांच्या वर देतो. सदतीस रुपयांत पंपाबाहेर दोन चहा येतात.

आणि ह्या दोघांमधली जी बाई आहे, तिच्याबद्दल एक आकडा 2019 च्या सरकारी पाहणीत आला होता. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. सहातली एक. फडात पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, खाडा केला की दंड, कोपीत संडास नाही. हा आकडा वाचल्यावर मला माझ्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजबद्दल लिहिलेले मेसेज डिलीट करावेसे वाटले.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करतो. परदेशी तेलापेक्षा मामाच्या शेतातलं इंधन मला कधीही चालेल. पण ज्याला आपण 'ग्रीन' म्हणतो, त्याचं पूर्ण बिल एकदा छापा. मराठवाड्यात कारखान्याला जाणारा ऊस ठिबकवरच हवा, आणि ठिबकचा पैसा कारखाना आणि तेल कंपन्या मिळून देऊ देत. ज्वारी, तूर, सोयाबीनला उसासारखी खरेदीची खात्री द्या, मग बघा मामा काय लावतो ते. आणि ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचं ठरलंय, ते माझ्या टाकीमागे दोन रुपये होतात. त्याऐवजी इथेनॉलच्या लिटरमागे एक रुपया थेट पंपावर घ्या. एका टाकीला सात रुपये. तेवढ्यात विमा, फडावर डॉक्टर आणि पोरांसाठी वसतिगृह ह्याची निदान सुरुवात होईल. सात रुपये जास्त गेले म्हणून आपल्यापैकी कुणी गाडी विकणार आहे का?

ग्रुपवर हे सगळं टाकलं. एकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने विचारलं, "पण मग प्रीमियम पेट्रोल घेऊ का?"

ह्या दिवाळीला त्याला गाडीत घालून तेलगावला घेऊन जाणार आहे. जाताना टाकी त्यानेच फुल्ल करायची.