श्वान-सांभाळ : ओळखीच्या विश्वासाला नियमांची जोड हवी

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीतील प्रवास ठरला, की पुण्या-मुंबईतील अनेक कुटुंबांपुढे आरक्षणाइतकाच निकडीचा प्रश्न उभा राहतो : घरच्या कुत्र्याचे काय करायचे? एकेकाळी वाड्यातले शेजारी किंवा घरी मागे राहणारी वडीलधारी मंडळी तो परस्पर सोडवीत. चौकोनी कुटुंब, दोघांची नोकरी आणि बंद दाराची सदनिका यांनी ती सोय संपविली. तिच्या जागी एक नवा गृहव्यवसाय उभा राहिला आहे : स्वत:च्या राहत्या घरात, दिवसागणिक ठरलेल्या दराने, इतरांची कुत्री सांभाळण्याचा. हा व्यवसाय विश्वासावर चालतो, हे खरे. परंतु तो केवळ विश्वासावर किती काळ चालू द्यायचा, हे आता विचारायला हवे.

या व्यवसायाचा कणा नवा ग्राहक नव्हे, तर पुन:पुन्हा येणारा ग्राहक आहे. नव्या जागी आलेले कुत्रे बहुधा प्रथम नीट खात नाही, दाराशी बसून राहते, रात्री रडते. तेच कुत्रे तिसऱ्या-चौथ्या खेपेस आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन निवांत पडते. दरम्यान सांभाळणाऱ्याजवळही माहितीचा मोठा साठा जमलेला असतो. कोणाला गोळी कशातून द्यावी, जेवताना कोण दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही, फटाक्याच्या आवाजाने घाबरून कोण उघड्या दारातून धूम ठोकील, हे त्याला ठाऊक असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ही माहिती एखाद्या कुत्र्याचा जीव वाचवू शकते.

या ओळखीचे मोल बाजारालाही कळले आहे. अमेरिकेत २०११ साली सुरू झालेली ‘रोव्हर’ ही कंपनी कुत्र्यांचे मालक आणि सांभाळणारे यांची संगणकावरून गाठ घालून देते व मोबदल्यातील हिस्सा घेते. ‘ब्लॅकस्टोन’ या गुंतवणूक संस्थेने २०२४ मध्ये ती सुमारे २.३ अब्ज डॉलरना विकत घेतली. तथापि, अशा मध्यस्थांना एक अडचण कायमच भेडसावते. एकदा ओळख पटली, की दोन्ही बाजूंना मध्यस्थाची गरज उरत नाही. पुढचा व्यवहार थेट होऊ लागतो. ग्राहक अखेर कंपनीकडे नव्हे, तर विशिष्ट घराकडे परततो.

परंतु जी ओळख या व्यवसायाचे भांडवल आहे, तीच त्याची जोखीमही आहे. पहिल्या भेटीत लसीकरणाची पुस्तिका तपासली जाते. चौथ्या भेटीत ती मागणे दोघांनाही अवघड वाटते. मधल्या काळात रेबीजची वार्षिक मात्रा चुकलेली असू शकते. पार्व्हो किंवा ‘केनेल कफ’ची लागण झालेले कुत्रे लक्षणे दिसण्यापूर्वीच इतरांना रोग देऊ शकते. पाच वर्षांपूर्वी खेळकर असलेले कुत्रे आज सांधेदुखीने चिडके झालेले असू शकते. त्यात सुटीच्या हंगामात सारे जुने ग्राहक एकाच आठवड्यात येतात. ओळखीच्या माणसाला नकार देणे जड जाते आणि तिघांच्या जागेत सहा कुत्री येऊन पडतात.

मग दुर्घटना घडली तर कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळण्यास घेणाऱ्याने सामान्य सुज्ञ माणूस स्वत:च्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असे त्याचे कलम १५१ सांगते. याच प्रकरणात, सांभाळण्यास दिलेली गाय व्याली तर वासरूही मालकाला परत द्यावे, असे उदाहरण कलम १६३ खाली दिले आहे. गुरे राखोळीला देणाऱ्या समाजाला हे सहज कळावे. परंतु घरातल्या कुत्र्याच्या मृत्यूचे मोल ‘वस्तू’च्या हिशेबात कसे मोजणार? सशुल्क सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मात्र काय ठरले होते, याचा कागद बहुधा कोणाकडेच नसतो.

केंद्राने २०१७ मध्ये श्वान-पैदाशीचे, तर २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम केले. पहिल्या नियमांतील ‘ब्रीडर’च्या व्याख्येत ‘बोर्डिंग केनेल’ चालविणाराही येतो खरा. परंतु त्या नियमांचा सारा रोख पैदास व विक्रीकडे आहे. दोन खोल्यांच्या घरात चार कुत्री सांभाळणाऱ्या गृहिणीला त्यांतून फारसे मार्गदर्शन मिळत नाही. गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येणार नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. परंतु रहिवाशाने स्वत:चे कुत्रे पाळणे वेगळे आणि सदनिकेत पैसे घेऊन परकी कुत्री ठेवणे वेगळे. शेजाऱ्यांचा आक्षेप या दुसऱ्या प्रकाराला असतो आणि तो सरसकट प्राणिद्वेष म्हणून धुडकावता येणार नाही.

इंग्लंडने या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. १९६३ च्या जुन्या कायद्याची जागा तेथे २०१८ च्या नियमांनी घेतली. त्यानुसार व्यवसाय म्हणून घरी कुत्री सांभाळणाऱ्यास स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. परवान्यात कुत्र्यांच्या संख्येची मर्यादा असते, लसीकरणाचा पुरावा ठेवावा लागतो आणि निरनिराळ्या घरांतील कुत्री एकत्र ठेवायची तर प्रत्येक मालकाची लेखी संमती घ्यावी लागते. तपासणीनंतर एक ते पाच तारे मिळतात आणि दर्जानुसार परवान्याची मुदत एक ते तीन वर्षे असते.

हे सारे जसेच्या तसे येथे आणण्याची गरज नाही. परवान्यासाठी पालिकेत खेटे घालावे लागले, तर घरबसल्या चार पैसे मिळविणारी माणसेच आधी बाद होतील. मात्र महापालिकेकडे साधी नोंदणी, जागेच्या प्रमाणात संख्येची मर्यादा आणि एक पानाचा ठरीव करार एवढे सहज शक्य आहे. त्या करारात लसीकरणाची तारीख, पशुवैद्याचे नाव, तातडीच्या उपचारांची परवानगी व खर्चाची मर्यादा असावी आणि ग्राहक कितीही जुना असला, तरी तो प्रत्येक खेपेस नव्याने भरला जावा. नियमांची वाट न पाहता सांभाळणाऱ्यांनी हे आजपासूनच सुरू करावे. कागद मागितल्याने जुना ग्राहक दुखावेल, ही भीती अनाठायी आहे. आपल्या कुत्र्याशेजारी बसणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याचाही कागद तपासला गेला आहे, हे कळल्यावर तो पुढच्या सुटीतही याच घरी येईल.